फ्लश डोअरवरची बुलेट ट्रेन: काटोचा ई५ स्टार्टर सेट, दोन पावसाळ्यांनंतर

छोट्या रेल्वेचा हा सेट घरात येऊन या गणपतीत दोन वर्षं होतील. एवढ्या काळात बघायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारलाय, "केवढ्याला पडलं?" आणि आकडा ऐकला की दुसरा प्रश्नपण ठरलेला, "एवढ्यात काय काय आलं?" दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, आता जो विचारेल त्याला हेच पाठवीन.

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईतले लोक सुटतील. काटो या जपानी कंपनीचा (जपानी माणसं कातो म्हणतात, आपल्याकडे सगळे काटोच म्हणतात, मीपण) एन स्केलचा, म्हणजे बारक्या मापाचा, स्टार्टर सेट, गाडी ई५ शिंकानसेन, म्हणजे ती हिरवी, लांब नाकाची बुलेट ट्रेन. गाडी झकास आहे, वादच नाही. पण माझे पैसे वसूल झाले ते गाडीमुळे नाही, रुळांमुळे. ज्याच्या घरात गाडीसाठी कायमची जागा नाही त्याने हा किंवा असा रूळवाला सेट घ्यावा, आणि ज्याला राजधानी किंवा डेक्कन क्वीनच पळवायची आहे त्याने थोडं थांबावं. बस. आता सविस्तर.

आम्ही डोंबिवलीकर, वन बीएचके, माणसं पाच. बाबा सेंट्रल रेल्वेत गार्ड होते, मालगाड्यांवर, आता म्हणे त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यामुळे रेल्वेचं वेड घरचंच. त्यात आठवीत असताना मावशीने कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम दाखवलं. ते १९९८ ला सुरू झालं आणि आम्ही गेलो तेव्हा अगदी नवंकोरं होतं. मध्येच दिवे मंद करतात आणि अख्खं गाव रात्रीचं होतं, खिडक्याखिडक्यांतून उजेड, गाड्या मात्र चालूच. तेव्हा जे डोक्यात शिरलं ते शिरलंच. पण आमच्या घरात असलं काही करायचं म्हणजे माणसांनी कुठे झोपायचं हा प्रश्न होता, त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं हौस बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या गाडीवर भागली, जी गणपतीच्या मखराभोवती फिरायची आणि आरतीच्या मध्येच हमखास रुळावरून उतरायची.

मधे एकदा एका ऑनलाइन दुकानातून, नाव घेत नाही, 'इलेक्ट्रिक ट्रेन सेट' म्हणून एक मागवला होता. फोटो बघून वाटलं खराखुरा एचओ (एनपेक्षा मोठं माप) सेट आहे. आला तर रुळाला धातूच नाही, पोटात पेन्सिल सेल, दोन डब्यांचे हूक तुटलेले आणि परत घ्यायला माणूस येईपर्यंत पंधरा दिवस गेले. तर पहिली गोष्ट ही बघा, रूळ धातूचे आहेत का. वीज रुळातून चाकात, चाकातून मोटरमध्ये जात असेल तर ते मॉडेल, नाहीतर खेळणं. खेळणं वाईट असं नाही, पण मग पैसे खेळण्याचेच द्या.

एचओ की एन यावर मी सहा महिने घालवले. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, गाडी हातात घेतली की वजनदार, बघायला मजा. पण तिचं साधं गोल वर्तुळ टाकायचं तरी पाऊण ते एक मीटर जागा जाते. एन म्हणजे रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर, जवळजवळ करंगळीच्या नखाएवढं. काटोचे रूळ घेतले तर ३१५ मिलिमीटर त्रिज्येची वळणं आठ जोडली की वर्तुळ पूर्ण, बाहेरून बाहेर मोजलं तर साडेपासष्ट सेंटिमीटर. मी प्रत्येक बाजूला २४८ मिलिमीटरचे चार सरळ तुकडे घातलेत, म्हणजे लांबी झाली १६५ सेंटिमीटर. आणि सुताराकडे बाथरूमच्या मापाचं फ्लश डोअर मिळतं, साडेसहा फूट बाय अडीच फूट. त्यावर हे सगळं बसून कडेला चार बोटं जागा उरते. दार! एवढं सोपं होतं हे. रात्री दार उभं करून कपाटामागे सरकवायचं, रविवारी दिवाणावर आडवं. बायकोची अट एकच होती की सोमवारी सकाळी ते दिसता कामा नये.

आता सेट मिळवणं. भारतात हे सहज दुकानात जाऊन घ्यावं असं नाही. माझा मामेभाऊ योकोहामाला असतो, तो येताना अकिहाबारातून घेऊन आला, वीस हजार येनच्या आसपास पडला, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा-बारा हजार रुपये. त्यात गाडी, ओव्हलचे रूळ, पॉवर पॅक, वायर, आणि गाडी रुळावर चढवायची एक उतरती प्लास्टिकची पट्टी. डबे मात्र मोजकेच येतात, पूर्ण दहा डब्यांची गाडी हवी तर पुढचे डबे वेगळे घ्यायचे. आणि मी सांगतो, घेऊ नका. खरी ई५ आहे २५३ मीटर, मॉडेल १:१६० चं, म्हणजे १६० ने भागलं की एक मीटर अठ्ठावन्न सेंटिमीटर. आपल्या दाराची लांबी किती? एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे गाडी स्वतःचीच शेपूट पकडायला धावतेय असं दिसतं. चार-पाच डबे बास.

प्लग लावायच्या आधी एक गोष्ट, आणि ही खरंच महत्त्वाची आहे. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तिथून आणलेल्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात इनपुट १०० लिहिलेलं असलं तर तो आपल्या सॉकेटमध्ये सरळ घालायचा नाही. मी घालणारच होतो. पिनला बसवायचा तो दुसरा सॉकेट शोधत होतो आणि तेवढ्यात बाबांनी अडॅप्टर हातात घेऊन चष्मा वर करून वाचला. रेल्वेत कागद वाचल्याशिवाय गाडी हलवत नाहीत म्हणे. मग लॅमिंग्टन रोडवरून २३० चं १०० करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर आणला. पुढे रुळावर १२ व्होल्ट डीसीच जातात, त्यामुळे पोराने रुळाला हात लावला तरी काही होत नाही.

आता गाडीबद्दल. वरून गडद हिरवी, खाली पांढरी, मधे गुलाबी पट्टा, पट्टा इतका बारीक आणि सरळ की मी भिंगातून बघितला तरी कुठे रंग फुटलेला नाही. खऱ्या ई५ चं नाक १५ मीटर लांब असतं, बोगद्यात शिरताना हवेचा धमाका होऊ नये म्हणून, मॉडेलमध्ये ते साडेनऊ सेंटिमीटरच्या आत बसवलंय. पुढचे दिवे पांढरे, मागचे लाल, आणि गाडी उलटी चालवली की आपोआप अदलाबदल. मोटर एकाच डब्यात आहे, बाकीचे डबे ओढले जातात. पॉवर पॅकचा नॉब हळूहळू फिरवला तर गाडी सरपटत निघते, झटका देऊन नाही, आणि आमच्या त्या बॅटरीवाल्या गाडीच्या तुलनेत हाच फरक सगळ्यात आधी जाणवतो.

एक गंमत करून बघा. खरी ई५ ताशी ३२० किलोमीटरने धावते. १६० ने भागलं तर मॉडेलचा वेग ताशी २ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंचावन्न सेंटिमीटर. माझ्या ओव्हलचा घेर चार मीटरला जरा कमी, म्हणजे सात सेकंदात एक फेरी. हा खरा वेग! आणि पोरं, मोठीसुद्धा, नॉब हातात आला की तीन सेकंदात फेरी मारतात. म्हणजे ताशी साडेसातशे किलोमीटर. विमान झालं ते.

आता रूळ, ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप लिहायला घेतला. ह्यांच्या रुळाला युनिट्रॅक म्हणतात. रूळ, स्लीपर आणि खाली खडी असल्यासारखा दिसणारा राखाडी प्लास्टिकचा बेड, सगळं एकाच तुकड्यात. दोन तुकडे समोरासमोर धरून सपाट जागेवर सरकवले की 'टक्'. टोकाला एक जोडणी असते तिच्यात प्लास्टिकची पकड आणि आतमध्ये वीज नेणारा धातू, दोन्ही एकत्र, त्यामुळे एकदा टक् झालं की रूळही जुळले आणि वीजही जुळली. ओव्हल जोडायला मला आता चार मिनिटं लागतात. सोडवताना वाकवायचं नाही, सपाट धरून ओढायचं. वाकवलं तर जोडणी सैल होते, आणि ती माझ्या पोराने पहिल्याच आठवड्यात केली, पण जोडणी वेगळी मिळते, अख्खा रूळ टाकून द्यावा लागत नाही.

दोन वर्षांत मी हे रूळ शंभरवेळा तरी लावले-काढलेत. दाराला पक्के चिकटवले ते आत्ता या वर्षी. तोवर कधी दिवाणावर, कधी गणपतीत मखराभोवती फरशीवर, एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांसाठी. एकदाही असं झालं नाही की जोडणीवर गाडी अडखळली. ही कंपनी मूळची १९५७ ची, सेकिसुई किन्झोकु नावाची, आणि जपानमधली पहिली एन गेज गाडी, सी५० नावाचं वाफेचं इंजिन, यांनीच १९६५ ला काढलं. इतकी वर्षं त्याच नऊ मिलिमीटरवर घासतायत म्हटल्यावर 'टक्' असा का येतो ते कळतं.

रुळाचा धातू आहे निकेल सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदी औषधालापण नाही, तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे आपल्या आज्यांच्या फडताळातलं जर्मन सिल्व्हर. ते जसं काळपट पडलं तरी पितळेसारखं हिरवं होत नाही तसंच हे. डोंबिवलीची हवा तुम्हाला माहितीच आहे, वर जुलै-ऑगस्टमध्ये कपडेसुद्धा वाळत नाहीत. पावसाळ्यात रुळावर पंधरा दिवसांत काळा थर येतो, मग दिवे लुकलुकतात आणि गाडी हळू चालवली की थांबते. उपाय फार साधा, केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, रूळ पुसायचे, आणि चाकंपण. चाकं सगळे विसरतात. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. मी लावला होता पहिल्या पावसाळ्यात, सरळ दोन तुकड्यांवर, चकचकीत झाले, आणि मग त्याच दोन तुकड्यांवर सगळ्यात लवकर काळं धरायला लागलं कारण ओरखड्यात घाण बसते. ते दोन तुकडे आता बोगद्यात टाकलेत.

सांधे, म्हणजे गाडी एका लायनीवरून दुसऱ्या लायनीवर नेणारे, वेगळे घ्यावे लागतात. त्यात चार नंबर आणि सहा नंबर असे दोन प्रकार. चार नंबरचा आखूड आणि तीव्र, सहा नंबरचा लांब आणि सौम्य, जागा असेल तर सहाच घ्या. आतच विजेवर चालणारं यंत्र बसवलेलं आहे, बटण दाबलं की 'खट्ट' आणि सांधा फिरला. एक मात्र आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. हे सांधे ज्या बाजूला फिरवलेत त्याच लायनीला वीज देतात. मी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या लायनीला, मालडबे लावले, सांधा मेन लायनीला फिरवला, आणि सायडिंगवरचं इंजिन मेलं म्हणून अर्धा तास उघडून बसलो. इंजिन ठणठणीत होतं. सांधा उलटा होता. बाबा हसून हसून बेजार, म्हणे सांधेवाल्याने लायन दिली नाही तर गाडी कशी हलेल?

मग आलं देखावा करणं. हे लिहिताना मला जाणवतं की आपल्याला हे परदेशी छंद म्हणून शिकायची गरजच नाही. ज्याने दिवाळीत किल्ला केलाय त्याला ऐंशी टक्के येतंच. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखल, आळीव पेरायचे, पायवाट चुन्याची, मावळे उभे करायचे. इथे फक्त दगडांऐवजी फोम आणि गोणपाटाऐवजी टिशू पेपर. थर्माकोल आपल्याकडे २०१८ पासून सजावटीला बंद, मी फ्रिजच्या पॅकिंगमधला जपून ठेवलेला वापरला, आणि त्यावर घाईघाईत चपलेला लावतात तो रबरवाला गम लावला. डोळ्यादेखत डोंगर आत आत विरघळत गेला, जशी गरम चहात साखर. फेव्हिकॉल लावा, पाणी घालून, आणि रात्रभर वाळू द्या. घाई केली की डोंगर खचतो, आपल्या घाटात खचतो तसाच.

मातीसाठी वापरलेली चहापत्ती. धुऊन, कडक उन्हात तीन दिवस, मग चाळणीने चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरायची, इतकी खरी लाल-तपकिरी माती दुकानातल्या पुडीत मिळत नाही. पण नीट वाळली नाही तर श्रावणात तिच्यावर पांढरी बुरशी येते, माझ्या डोंगरावर आलेली, लोकांना वाटलं मी बर्फ दाखवलाय. खडीसाठी मी आधी रत्नागिरीहून आणलेली काळसर वाळू टाकली होती, दिसायला एक नंबर. दोन दिवसांनी गाडी खरखर आवाज करत आचके द्यायला लागली. झालं असं होतं की कोकणातल्या काळ्या वाळूत लोहखनिजाचे कण असतात, ते गाडीखालून जाताना मोटरच्या चुंबकाने वर ओढून घेतले आणि गिअरमध्ये जाऊन बसले. मोटरचा डबा उघडून दातांच्या ब्रशने एकेक कण काढला, तास गेला. आता कुठलीही वाळू आणली की आधी ताटात पसरून स्पीकरमधलं चुंबक फिरवतो. पहिल्याच फेरीत चुंबकाला मिशा फुटतात, बघण्यासारखं असतं.

विषय मी घेतलाय बोरघाटाचा, अर्थात. १८६३ ला सुरू झालेला घाट, मधे ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ, आणि चढ १:३७ पर्यंत, म्हणून गाडीला मागून रेटायला वेगळं इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. बाबांची निम्मी नोकरी त्या घाटात गेली. मला वाटलं चढ करावा, वर पूल, खालून दुसरी लायन. मग वहीत गणित मांडलं. एका गाडीवरून दुसरी जायला वरचा रूळ पाच सेंटिमीटर तरी उंच हवा. १:३७ ने पाच सेंटिमीटर चढायला लागतात १८५ सेंटिमीटर. माझी सरळ लायन ९९ सेंटिमीटरची! म्हणजे खऱ्या घाटातला चढसुद्धा माझ्या दारावर मावत नाही, आणि आपण गाडीत बसून 'काय तो चढ' म्हणत डुलक्या काढतो. शेवटी रूळ सपाटच ठेवले आणि जमीन खाली नेली. दाराच्या पुढच्या कडेला दहा सेंटिमीटरची खोबण करून दरी काढली, त्यावर पूल. बघणाऱ्याला वाटतं गाडी उंचावरून चाललीये. फसवणूकच आहे, पण छान फसवणूक आहे.

आता बोरघाटात शिंकानसेन काय करतेय हा प्रश्न येणारच. खरं तर मुंबई-अहमदाबादसाठी आधी हीच ई५ ठरलेली, आता ई१० चं नाव घेतात, आणि ठाण्याचं स्टेशन आमच्या जवळच म्हातार्डीला होतंय, पण तिचा घाटाशी काही संबंध नाही. कारण साधं आहे, आपली गाडी या मापात मिळत नाही. आणि मिळाली तरी रुळाचा घोळ आहे. शिंकानसेनचा रूळ खऱ्यात १४३५ मिलिमीटरचा, १:१६० ला बरोबर नऊ मिलिमीटर येतो. आपला ब्रॉडगेज १६७६, तो याच मापात साडेदहा मिलिमीटर हवा. म्हणजे नऊच्या रुळावर आपलं इंजिन ठेवलं की ते जाड माणूस अरुंद पाटावर बसल्यासारखं दिसतं. जपानी साध्या गाड्यांचं उलट, त्यांचा खरा रूळ १०६७ चा, त्या गाड्या १:१५० मध्ये करून नऊवरच चालवतात, म्हणजे त्यांचे पाय फाकलेले. कुणी बोलत नाही. हल्ली काही हौशी मंडळी आपल्या इंजिनाचं कवच थ्रीडी प्रिंटरवर काढून जपानी मोटरवर बसवतात, तेही चालतं, पण स्टार्टर सेट घेणाऱ्याने पहिल्या वर्षी त्या नादाला लागू नये.

एक सुख मात्र आहे. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या लायनीने धावतात. त्यामुळे पुढेमागे दुहेरी मार्ग टाकलात तर चित्र आपलं वाटतं. माझ्या एका मित्राकडे जर्मन धाटणीचा देखावा आहे, गाड्या उजवीकडून, तो बघताना मला सारखं वाटत राहतं की आता ठोकणार.

फोटो काढणं हा या छंदातला निम्मा भाग आहे, आणि याच बाबतीत हा सेट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. सुरुवातीला मी उभा राहून वरून फोटो काढायचो. ते फोटो बघून लोक म्हणायचे, वा, खेळणं छान आहे. मग एकदा हिशोब केला. साडेपाच फुटी माणूस या मापात साधारण एक सेंटिमीटरचा. म्हणजे फलाटावर उभ्या माणसाला गाडी जशी दिसते तसा फोटो हवा तर लेन्स जमिनीपासून एक सेंटिमीटरवर पाहिजे! फोनची लेन्स असते वरच्या टोकाला. म्हणून फोन उलटा करायचा, डोकं खाली, आणि रुळाशेजारी टेकवायचा. झालं. पहिलाच असा फोटो काढला आणि मी स्वतःच दोन मिनिटं बघत राहिलो, ते साडेनऊ सेंटिमीटरचं नाक अंगावर येत होतं.

फोनचं सेन्सर बारीक असतं त्यामुळे मागचं-पुढचं बरंच स्पष्ट येतं, मित्राच्या डीएसएलआरपेक्षा माझा फोन इथे बरा ठरला, मित्र लेन्सचं भोक एफ १६ पर्यंत बारीक करूनपण नाक स्पष्ट तर शेपूट धुरकट असं करत बसला होता. तरी जवळून काढताना फोनलाही सगळं जमत नाही. मग फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून हलू न देता सात-आठ फोटो, एकात फोकस नाकावर, पुढच्यात पहिल्या डब्यावर, असं करत शेवटी डोंगरापर्यंत, आणि मग ते सगळे सॉफ्टवेअरने एकात एक मिसळायचे. मी हेलिकॉन फोकस वापरतो. यात कुठेतरी फोन अर्धा मिलिमीटर सरकला की सगळं मुसळ केरात, आणि आमचा दिवाण कुणी शेजारून चाललं तरी हलतो. त्यामुळे फोटो रात्री साडेअकरानंतर, सगळे झोपल्यावर.

उजेडाचं एकच तत्त्व, सूर्य एकच असतो. दोन ट्यूबलाइट चालू ठेवून काढलेल्या फोटोत प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतात आणि तिथेच बिंग फुटतं. मी घरातले सगळे दिवे बंद करून एकच एलईडी दिवा तिरका, उंचावरून लावतो. एलईडीमुळे फोटोवर आडवे पट्टे आले तर घाबरू नका, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर १/५० किंवा १/१०० वर आणलं की पट्टे जातात. मागे आकाश म्हणून मी लोणावळ्याला स्वतः काढलेला ढगांचा फोटो फ्लेक्सवाल्याकडून मोठा करून आणलाय. आणि धूळ! डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण फोटोत गाडीच्या छतावर धोंड्यासारखा दिसतो. रंगवायचा मऊ ब्रश हाताशी ठेवा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. (अनुभव.)

तक्रारी कराव्यात अशा फार नाहीत. महाग आहे, पण रुपयात बघितलं तर महाग, दहा वर्षांत बघितलं तर नाही. पुढचं काही घ्यायचं तर परत कुणीतरी जपानहून येईपर्यंत वाट बघायची. सूचनापत्रकं जपानीत, पण चित्रं इतकी नीट आहेत की आमच्या आईनेसुद्धा बघून एक सरळ तुकडा बरोबर जोडला. पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, जोडण्या बारीक असतात आणि तोंडात जातात. आणि घेताना एकदम गाड्यांच्या मागे लागू नका, आधी रूळ आणि दोन सांधे जास्तीचे घ्या. गाडी एकच असली तरी चालते, रूळ कमी पडले की मात्र तीच ती फेरी बघून महिन्याभरात कंटाळा येतो.

मागच्या जुलैत मला घाटातल्या धुक्याचा फोटो पाहिजे होता. कापूस लावून बघितला, गोधडीतला वाटला. मग देवघरातला धूप घेतला, एका वाटीत पेटवून डोंगराच्या मागे ठेवला, पंखा बंद, खिडक्या बंद. धूर खाली बसत दरीत उतरला, पुलाच्या वर आला, आणि मी बोगद्याच्या तोंडाशी गाडी अर्धी बाहेर काढून थांबवली, दिवे चालू. अकरा फोटो काढले. तेवढ्यात आई उठून आली, एवढ्या रात्री धूप कसला, कुणाला काही झालं का म्हणून. तो फोटो सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर काकांनी विचारलं, ही नवीन गाडी कधी सुरू झाली, पुण्याला किती वाजता पोचते?

बाबांना मी मुद्दाम फोनवर न पाठवता मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मग काढला, फोन जवळ नेला. बोगदा बघितला, दरी बघितली, धुक्यावर बोट फिरवलं. मला वाटलं आता शाबासकी येते. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "घाट चढतीये ना ही? मग मागे बँकर कुठाय?"

मामेभाऊ दिवाळीत येतोय. एक इंजिन सांगितलंय.